फ्रीस्टाइल ऐकायला कुठून सुरुवात करायची?

फ्रीस्टाइल म्हणजे ऐंशीच्या दशकातला अमेरिकेतला इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांचा प्रकार. आधी गायिका शॅननचं १९८३ मधलं ‘लेट द म्युझिक प्ले’ हेडफोनवर ऐक. शब्दांकडे नंतर बघू; खालचे ड्रम मशीनचे तुटक, आडवळणी ठोके पकड. ते कानात बसले की न्यूयॉर्कचे गायक आणि गट घे: लिसा लिसा, टीकेए, ज्युडी टोरेस. या प्रकारात काही आवाज कच्चे वाटतील, पण व्याकूळता अस्सल आहे. फार घासूनपुसून गायलेलं इथे शोभतही नाही.

मग मायामीचा गायिकांचा गट एक्स्पोझे. त्यांच्या ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ची दोन ध्वनिमुद्रणं आहेत: आधीचं अलेहांद्रा लोरेन्झोच्या आवाजातलं, नंतरचं, १९८७ मधलं, जनेट हुराडोचं. मला जुनंच आवडतं. शक्यतो बारा इंची रेकॉर्डवरचं लांब मिक्स शोध. रेडिओसाठी कापताना बहुतेकदा मधला वाद्यांचा तुकडाच उडवायचे, आणि नाचायची खरी मजा तिथेच.