कोर्सचं राहू द्या, आधी मुलाशी बोला

प्रश्न: मुलगा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचव्या सेमिस्टरपर्यंत 58 टक्के. ऐरोलीच्या एका कंपनीत इंटर्नशिप करतो, तिथे सर्व्हरचे लॉग तपासतो. त्यांनी नोकरी देऊ केली आहे, पण पाळ्या आहेत. पदवी घेऊन मशीनच्या नोंदी वाचत बसायचं, ही कारकुनी मला पटत नाही. त्याच्या मावसभावाने पुण्यात डेटा सायन्स केलं, त्याला चांगला पगार आहे. तीन लाखांचं कर्ज काढून यालाही तोच कोर्स लावायचा विचार आहे. तो ऐकत नाही म्हणून पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललेलो नाही. कोणती संस्था चांगली?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर: संस्थेचं नाव मी देणार नाही. तुमच्या पत्रात मला 58 टक्के खटकले नाहीत, पंधरा दिवसांचा अबोला खटकला. पहिली नोकरी घ्यावी की नाही, हे घरात बसून बोलायचे हेच दिवस, आणि नेमका आत्ताच संवाद बंद आहे. पत्रात कर्जाचा आकडा आहे, मावसभावाचा पगार आहे, पण मुलाचं म्हणणं एका वाक्यानेही आलेलं नाही. अबोला हाही दबावच असतो. त्याला कंटाळून मुलं ‘हो’ म्हणतात, मन नसल्याने कोर्स अर्ध्यावर सोडतात आणि हप्ते मात्र वडील भरत राहतात. हे तुमच्या घरात होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता ‘कारकुनी’बद्दल. यूपीआयचा एक व्यवहार अडकला तर त्याच्या खुणा कितीतरी मशीनवर विखुरलेल्या असतात. प्रत्येक मशीन आपल्या पद्धतीने ओळी लिहितं, सगळ्यांचा मिळून एक साचा नसतो. एक सर्व्हर भारतीय वेळ नोंदवतो, दुसरा यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे सकाळी 9.10 चा बिघाड दुसरीकडे 3.40 ला दिसतो. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये (सर्व्हर स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहितो तो एक प्रकार) तर वर्षही नसतं आणि टाइमझोनही नसतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेतली एक एरर चाळीस-पन्नास ओळींची असू शकते. नवी नोंद कुठे सुरू होते हे लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रामला नीट सांगितलं नाही, तर त्या एका एररच्या पन्नास सुट्या नोंदी होतात आणि शोधणाऱ्याला मूळ कारण सापडत नाही. पुढे प्रश्न साठवणीचा. इलास्टिकसर्च हे लॉग साठवून शोधायचं सॉफ्टवेअर मजकुरातल्या शब्दांची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची बनवतं. शोध झटपट लागतो, पण डिस्क आणि मेमरी भरपूर खातं. लोकी हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर फक्त लेबलांची (कुठला सर्व्हर, कुठलं ॲप अशा खुणांची) सूची ठेवतं म्हणून स्वस्त पडतं, पण कुणी ग्राहक क्रमांकालाच लेबल केलं की नोंदींचे लाखो बारीक प्रवाह तयार होतात आणि शोध रखडतो. काय ठेवायचं, काय गाळायचं, ओटीपी किंवा कार्ड नंबर लॉगमध्ये उतरत असेल तर तो कुठल्या टप्प्यावर झाकायचा, हे सगळं विचार करून ठरवावं लागतं. याला कारकुनी म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात. मुंबईसारख्या बँका आणि ब्रोकर कंपन्यांच्या शहरात हे काम लागणारच.

तुमच्या भीतीत एक गोष्ट मात्र खरी आहे. नुसतं स्क्रीनकडे बघून तक्रारीचं तिकीट पुढच्या टीमकडे सरकवण्याचंही काम असतं. दोन-तीन वर्षं तेवढंच केलं तर मुलगा अडकेल, आणि ऑटोमेशन सर्वांत आधी तेच काम घेईल. म्हणून त्याने मॅनेजरला स्पष्ट विचारावं: अलर्टचे नियम कोण लिहितं? नव्या ॲप्लिकेशनचे लॉग आले की त्यांचं पार्सिंग, म्हणजे ओळींमधून वेळ, एरर असे तुकडे वेगळे करणं, कोण करतं? वर्षभरात ते मला करायला मिळेल का? गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरी नोकरी शोधावी. पण तेव्हाही तीन लाखांचा कोर्स हा उपाय नाही.

काहीही ठरवण्याआधी महिनाभर घरच्या लॅपटॉपवर त्याचा कस लागू द्या, 8 जीबी रॅम पुरते. लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालवून ॲक्सेस लॉग (कुणी कोणतं पान मागितलं याची नोंद) तयार करायचा. पहिला आठवडा फक्त ग्रेप, ऑक, सॉर्ट आणि युनिक या लिनक्सच्या कमांड वापरून शोधायचं की कोणत्या तासाला, कोणत्या पानावर 500 क्रमांकाच्या (सर्व्हरच्या बिघाडाच्या) एरर वाढल्या. युनिकच्या आधी सॉर्ट करायला विसरला तर मोजणी चुकेल, कारण युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. मग लोकी आणि त्यातल्या नोंदी स्क्रीनवर दाखवणारं ग्राफाना लावावं. इलास्टिकसर्च लावलं तर त्याचा हीप, म्हणजे त्याला वापरायला दिलेली मेमरी, 1 जीबीवर बांधून ठेवावा. स्प्लंक या लॉग शोधायच्या आणखी एका सॉफ्टवेअरचा मोफत परवाना रोज 500 एमबीपर्यंत चालतो, सरावाला तेवढा खूप झाला. शेवटच्या आठवड्यात मुद्दाम बिघाड करायचा. रिक्वेस्टचा मारा चालू ठेवून लॉगरोटेट या जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्राममध्ये कॉपीट्रंकेट (फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) वापरून फाइल फिरवली की मधल्या काही ओळी गळू शकतात. पाठवलेल्या रिक्वेस्ट आणि लॉगमधल्या ओळी यांचा ताळा करून किती गळाल्या, हे त्याने दाखवावं. यात तो रमला तर त्याची दिशा बरोबर आहे. कंटाळला तर तेही फुकटात कळलं.

पुढे शिकायचंच असेल तर एमसीएच्या प्रवेशासाठी राज्याची एमसीए सीईटी आणि एनआयटींसाठी निमसेट ही परीक्षा आहे. दोन्ही परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात, पण निमसेटची गुणांची अट आधी बघून घ्या, 58 टक्क्यांवर ती आडवी येऊ शकते.

पाळ्यांची तुमची काळजी रास्त आहे. ऐरोलीहून डोंबिवलीला यायचं तर ठाण्याला गाडी बदलावी लागते आणि मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात. कंपनी रात्री घरापर्यंत गाडी देते का, महिन्यात किती रात्रपाळ्या असतील आणि बॉण्ड आहे का, हे त्याला ऑफर लेटर स्वीकारण्याआधी लेखी विचारू द्या. मूळ गुणपत्रिका कुणी मागितली तर देऊ नका. आणि हे सगळं तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचेपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नका.