बाइक त्याने का दिली?

पत्र थोडक्यात असं: "लग्नाला चार वर्षं झाली. धाकटा दीर तेवीस वर्षांचा, वर्षभर खोलीतच असतो. रात्र रात्र मोबाइलवर व्हिडिओ. एका समाजाचा विषय निघाला की ताटावरून उठतो. परवा म्हणाला, 'बोलून काही होत नाही, एकानेच उठायला हवं.' सासूबाई म्हणतात, वय आहे. हे म्हणतात, घरातलं घरात राहू दे. गेल्या आठवड्यात त्याने आपली बाइक चुलतभावाला देऊन टाकली, तेवढा एक चांगुलपणा दिसला. मी बाहेरून आलेली. बोलले तर भावाभावांत काडी टाकली असं होईल. काय करू? – थोरली वहिनी, नाशिक"

वहिनी,

बाइक तुम्ही एका ओळीत उरकलीत. मी तिथून पुढे सरकू शकले नाही. ज्याला पुढच्या महिन्याचं काही उरलेलं नाही, तो आपल्या वस्तू वाटून टाकतो. हा मुलगा स्वतःच्या जिवावर उठला असेल, नाहीतर दुसऱ्यांच्या. यात चांगुलपणा नाही, वहिनी.

आणि तो गप्प नाहीये, ताटावर बसून सांगतोय! अमेरिका आणि युरोपातल्या एकेकट्या ११९ हल्लेखोरांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के जणांचा बेत घरच्यांना किंवा मित्रांना आधीच ठाऊक होता, कारण त्यांनी तो स्वतःच बोलून दाखवला होता. तुमच्या सासूबाईंचं 'वय आहे' ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे.

बाहेरून आलेली म्हणता ना? अमेरिकेत टेड कझिन्स्कीने १९७८ ते १९९५ बॉम्ब पाठवून तीन माणसं मारली, २३ जखमी केली. पहिला संशय आला त्याच्या भावजयीला, लिंडाला. तिने दिराला कधी पाहिलंही नव्हतं. नवऱ्याला, डेव्हिडला, ते पटेना. पण सप्टेंबर १९९५मध्ये त्या बॉम्बवाल्याचा लांबलचक निबंध वर्तमानपत्रात आला आणि डेव्हिडला त्यात भावाचेच शब्द दिसले. त्याने तपास यंत्रणेला कळवलं. एप्रिल १९९६मध्ये माँटानातल्या झोपडीतून टेडला पकडलं. त्यानंतर त्याच भावाला फाशी होऊ नये म्हणून डेव्हिड जिवाचं रान करत होता. टेडला जन्मठेप झाली. कळवणं आणि माया करणं, दोन्ही एकाच माणसाने केलं.

तुमच्या दिराने अजून कोणाचं रक्त सांडलेलं नाही. या वाटेला लागलेल्या तरुणांना महाराष्ट्र एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, घरच्यांना सोबत घेऊन, समुपदेशन करून माघारी आणलेलं आहे. हे दार आज उघडं आहे, काही घडल्यावर ते मिळायचं नाही.

म्हणून आजच ११२ला, पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन करा. बाइक आणि ते ताटावरचं वाक्य, दोन्ही जसंच्या तसं सांगा. नवऱ्याला परवानगी मागू नका, 'मी कळवतेय, तू माझ्याबरोबर आहेस का?' एवढंच विचारा. दिराशी वाद घालू नका, त्याचा मोबाइल हिसकावू नका. आणि आज रात्री त्याला एकट्याला सोडू नका. ताट वाढून त्याच्या शेजारी बसा. तो बोलला नाही तरी उठू नका.