अ‍ॅडलेड ते डार्विन हा प्रवास पाच मित्रांनी कॅम्परव्हॅनने बारा दिवसांत करणे शक्य आहे का?

पाच मित्र, जुलै महिना, हाताशी बारा दिवस आणि ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून थेट डार्विनपर्यंत कॅम्परव्हॅन, असा आपला बेत असून तो या दिवसांत बसेल का, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी मी महाविद्यालयातील तीन मित्रांसह जुलैमध्येच हा प्रवास केला होता. त्या अनुभवावरून सांगतो, की बेत बसतो, पण एकही दिवस शिल्लक राहत नाही.

हे अंतर सुमारे 3,000 किलोमीटर असून वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक पाहण्यासाठी अर्ल्डंडा येथे मुख्य रस्ता सोडावा लागत असल्यामुळे जाऊन-येऊन आणखी सुमारे 500 किलोमीटर वाढतात. म्हणजे सरासरी रोजचे तीनशेहून कमीच. पुण्याहून रात्री निघून सकाळी नागपूर गाठणाऱ्यांना हे किरकोळ वाटते आणि आम्हालाही तसेच वाटले होते. आमचे चुकले ते एवढेच, की आम्ही किलोमीटर मोजत बसलो, मोजायला हवा होता तो उजेड. जुलै हा तिथला हिवाळा असल्यामुळे दक्षिणेकडे दिवस जेमतेम दहा तासांचा असतो आणि पहाटे व संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. अनेक ठिकाणी कुंपण नसल्याने उत्तरेकडे मोकळी गुरेही आडवी येतात. शिवाय शहराबाहेर रात्री गाडी चालवून अपघात झाल्यास विमा लागू होत नाही, अशी अट भाड्याच्या अनेक करारांत असते. कच्चा रस्ता आणि गाडीच्या छताला किंवा तळाला होणारे नुकसान याबाबतही अशाच अटी असतात, त्यामुळे करार सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावा.

या दहा तासांतूनही घरकामाचा वेळ वजा करावा लागतो, कारण कॅम्परव्हॅन हे चाकांवरचे एक अत्यंत लहान बिऱ्हाड आहे. रात्रीचा पलंग मोडून सकाळी बसण्याची जागा करणे, पाण्याची टाकी भरणे, सांडपाणी आणि शौचालयाची पेटी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करणे, विजेची केबल खांबावरून काढून गुंडाळणे आणि प्रत्येक कप्प्याची खिट्टी लावणे, हे सारे उरकेपर्यंत आम्हाला रोज नऊ वाजत. पोर्ट ऑगस्टाहून निघताना एक खिट्टी लावायची राहिली आणि पहिल्याच वळणावर मसूर डाळीचा डबा उपडा झाला. ती डाळ डार्विनला गाडी परत करतानाही आसनांच्या फटींतून निघत होती.

पाच जणांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चार जणांच्या गाडीत पाचवा ‘कसाबसा मावेल’ हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही, कारण प्रत्येकाला स्वतंत्र आसन आणि सीटबेल्ट असणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याला सहा जणांची मोटारहोम घ्यावी लागेल. एकूण 4.5 टन वजनापर्यंतचे वाहन साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते आणि तिथेही वाहने डावीकडूनच चालत असल्याने भारतीय चालकाला फारसे अवघड जात नाही. तरी प्रत्यक्ष चालवणारे किमान तीन असावेत. आमच्यात दोघेच होते आणि पाचव्या दिवसापासून ते दोघे उरलेल्या दोघांशी फारसे प्रेमाने बोलत नव्हते.

आम्ही पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टा आणि दुसरा कूबर पेडी येथे केला. ओपल या रत्नाच्या खाणींचे हे गाव असे आहे, की उन्हाळ्यातील उष्म्यामुळे तिथली अनेक घरे, इतकेच काय पण चर्चसुद्धा, टेकडीच्या पोटात खोदलेली आहेत. या गावासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. त्याच्या अलीकडे ग्लेंडाम्बोपासून सुमारे 250 किलोमीटर पेट्रोल किंवा डिझेल मिळत नाही, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मोबाइलचे जाळेही लांब पट्ट्यांत नसते, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि पिण्याचे पाणी वेगळे भरून ठेवावे.

उलुरूसाठी दोन रात्रींपेक्षा कमी ठेवू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. या खडकावर चढणे 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमचे बंद झाले आहे, कारण ते तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांचे पवित्र स्थान आहे. त्याऐवजी पायथ्याने सुमारे 10 किलोमीटरची पूर्ण फेरी घालता येते. आम्ही तिला प्रदक्षिणाच म्हणत होतो, आणि मैदानापासून 348 मीटर उंच असलेला तो खडक दुरून जितका गुळगुळीत दिसतो तितका तो मुळीच नाही, हे त्या तीन-चार तासांतच कळले. रात्री मात्र तापमान शून्याजवळ उतरते, तेव्हा ‘वाळवंट आहे, गरमच असणार’ या समजुतीने पातळ चादरी नेऊ नयेत.

पुढे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, माटारांका आणि कॅथरिन असे टप्पे पडतात. माटारांकाच्या कोमट झऱ्याचे पाणी सुमारे 34 अंश असते, आणि आठ दिवसांच्या धुळीनंतर आम्ही तिथून लवकर बाहेर आलो नाही. या पट्ट्यात तीन-तीन जोडगाड्या ओढणारे ‘रोड ट्रेन’ ट्रक भेटतात. त्यांची लांबी 53.5 मीटरपर्यंत असू शकते, म्हणून समोरचा रस्ता फार दूरवर मोकळा दिसल्याशिवाय ओलांडण्याचा मोह टाळावा. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात काही भागांत वेगमर्यादा ताशी 130 असली तरी उंच, जड गाडीला शंभरच्या आत ठेवणे बरे.

जेवणाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. दोन शेगड्यांवर प्रेशर कुकर उत्तम चालतो आणि अ‍ॅडलेडच्या भारतीय दुकानांत डाळ, पोहे, मसाले सारे मिळते, त्यामुळे ते घरून नेऊ नका. नेलेच तर विमानातून उतरताना खाद्यपदार्थ न चुकता जाहीर करा, कारण लपवलेल्या लोणच्याच्या बरणीपायीही दंड होऊ शकतो. आणि वेळापत्रकाचे म्हणाल तर शक्य असल्यास पंधरा दिवस काढा. बाराच असतील, तर अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाच गाडी परत करता येईल का, हे भाड्याच्या कार्यालयात विचारून घ्या आणि डार्विनचा विमानाने वेगळा विचार करा. आम्ही डार्विनला पोहोचलो त्या संध्याकाळी चौघेही समुद्र न पाहताच झोपलो होतो.