आत्ता कोण ऑनलाइन आहे, हे वेब ॲप्लिकेशनला कसं कळणार?

लॉगिनला युजर टेबलमधला 'ऑनलाइन' कॉलम १ करता, लॉगआउटला ०, तरी काल येऊन गेलेले लोक आजही ऑनलाइन दिसतात, असं तुम्ही म्हणता. दिसणारच. लॉगआउटचं बटण दाबतं कोण? लोक टॅब बंद करतात, लॅपटॉप मिटतात, कधी नेटच जातं. एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात तिच्यात, एक रिक्वेस्ट संपली की पुढची येईपर्यंत पलीकडे कोणी आहे का, हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो.

तो कॉलम काढून टाका आणि माणूस शेवटचा कधी दिसला ती वेळ ठेवा, तीही सर्व्हरच्या घड्याळाची. पान उघडं असेपर्यंत ब्राउझरने दर ३० सेकंदांनी एक छोटी रिक्वेस्ट पाठवायची. गेल्या दोन-अडीच मिनिटांत ज्याची नोंद सापडेल तो ऑनलाइन. याहून कमी ठेवू नका. मागे पडलेल्या टॅबचे टायमर क्रोम काही मिनिटांनी मिनिटाला एकदाच चालवतो, त्यामुळे मर्यादा मिनिटभराची ठेवलीत तर माणसं यादीत लुकलुकत राहतील.

या नोंदी मुख्य डेटाबेसमध्ये लिहू नका, उगाच भार पडतो. रेडिसचा (मेमरीत डेटा ठेवणारा वेगवान डेटाबेस) सॉर्टेड सेट, म्हणजे स्कोअरनुसार लावलेली यादी, यासाठी उत्तम: मेंबर म्हणजे युजर आयडी, स्कोअर म्हणजे वेळ. झेडॲड (ZADD) कमांडने नोंद, झेडकाउंटने (ZCOUNT) मोजणी, आणि जुन्या नोंदी अधूनमधून स्कोअर बघून उडवायच्या. एकाच माणसाचे चार टॅब उघडे असले तरी मेंबर एकच, त्यामुळे तो आपोआप एकदाच मोजला जातो.

वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन, आधीच वापरत असाल तर कनेक्शन तुटल्याचं लगेच कळतं, पण नेहमी नाही. मोबाइलची रेंज गेली तर क्लोजचा निरोप येतच नाही आणि सर्व्हरच्या लेखी कनेक्शन जिवंत राहतं. म्हणून पिंग-पाँग, म्हणजे ठरावीक वेळाने 'आहेस का?' विचारून उत्तर येतं का बघणं, लागतंच. शिवाय पान रिफ्रेश केलं तरी कनेक्शन तुटून नवं होतं, तेव्हा ऑफलाइन जाहीर करण्याआधी पाच-दहा सेकंद थांबा. आणि सर्व्हर प्रोसेसच कोसळली तर तुटल्याची नोंद करायला कोणी उरत नाही, म्हणून वेळेची मर्यादा इथेही हवीच.

फक्त आकडा दाखवायचा असेल तर एवढं पुरे. नावं दाखवणार असाल तर लपून राहण्याची सोय सुरुवातीलाच करा; नंतर करायची तर यादी काढणारी प्रत्येक क्वेरी शोधत बसावं लागतं.