लेकीला समुद्री गोगलगायींवर संशोधन करायचंय, करू द्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी रत्नागिरीत टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणीशास्त्र. सुट्टीत घरी आली आणि ओहोटी लागली की ही कातळावर. समुद्री गोगलगायींचे फोटो काढते, रात्री बसून त्यांची नावं शोधते. आता म्हणते, एम.एस्सी., पीएच.डी. करून यांच्याच वर्गीकरणावर आणि उत्क्रांतीवर काम करणार. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेला लाग. मला तिला अडवायचं नाही, पण यात पोट भरेल का? परदेशी जावं लागतं का? आणि तिला तर धड पोहताही येत नाही.
– एक आई, देवगड

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. करू द्या. मात्र तिला आत्ता जे आवडतंय ते कातळावरचं काम आहे आणि पुढे जे करावं लागेल त्यातलं बरंचसं मायक्रोस्कोपखाली आणि कॉम्प्युटरसमोर चालतं. ते काम तिला रुचतं का, एवढं या वर्षात तपासून घ्या. रुचलं, तर तिच्या बाबांशी बोलायलाही मी तयार आहे.

फोटोवरून नाव शोधण्याला मी अजिबात कमी लेखत नाही. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने २०१७ पासून साध्या हौशी लोकांना बरोबर घेऊन ओहोटीतल्या जिवांच्या किती सुंदर नोंदी केल्या आहेत! पण या प्राण्यांच्या बाबतीत रंगावर भिस्त ठेवली की माणूस फसतो. नुडिब्रँक या शंख नसलेल्या गटातल्या बऱ्याच गोगलगायी स्पंज (खडकाला चिकटून राहणारे साधे प्राणी) खातात आणि त्यातली विषारी रसायनं अंगात साठवतात. माशांना त्यांचे भडक रंग बघून 'हे खायचं नाही' एवढं कळतं. मग एकाच भागात राहणाऱ्या, एकमेकींशी जवळचं नातं नसलेल्या प्रजातींनाही सारखी नक्षी फायद्याची ठरते. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधकांनी हिप्सेलोडोरिस या जीनसचा (जवळच्या प्रजातींच्या गटाचा) डीएनए तपासून १७ नव्या प्रजाती जाहीर केल्या. त्यातली हिप्सेलोडोरिस इबा दोन रंगांत आढळते आणि त्यातला एक रंग हिप्सेलोडोरिस बुलॉकाय या वेगळ्याच प्रजातीसारखा दिसतो. क्रोमोडोरिस या दुसऱ्या जीनसमध्ये याच्या उलटही आढळलं आहे: प्रजाती एकच, पण जागा बदलली की नक्षी बदलते. तुमची लेक फोटो बघून जे नाव देते तो एक अंदाज असतो. तो तपासायचा कसा, हे शिकणं म्हणजे वर्गीकरण शिकणं.

आणि नात्यांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. तिच्या पाठ्यपुस्तकात 'ऑपिस्थोब्रँकिया' असा गट असेल. फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्सने १८४८ मध्ये केलेला. कल्ले हृदयाच्या मागे असतात ते सगळे यात. दीडशेहून अधिक वर्षं समुद्री गोगलगायी या एका खणात बसवल्या गेल्या. डीएनए हाती आल्यावर तो खण टिकला नाही. २०१० मध्ये म्युनिकच्या कॅथरिना यॉर्गर, मिखाएल श्रोडल आणि सहकाऱ्यांनी जी मांडणी केली, तिच्यानुसार शैवालाचा रस शोषणाऱ्या सॅकोग्लोसा गटातल्या समुद्री गोगलगायी नुडिब्रँकपेक्षा तुमच्या परसात पावसाळ्यात फिरणाऱ्या गोगलगायींना जास्त जवळच्या आहेत. म्हणजे शंख टाकून देऊन लिबलिबीत होणं हे या प्राण्यांत एकदा घडलेलं नाही, वेगवेगळ्या शाखांवर पुन्हा पुन्हा घडलंय. दिसायला सारखे म्हणून सख्खे, हा हिशेब इथे लागत नाही. याच सॅकोग्लोसात असेही प्राणी आहेत ज्यांना शिंपल्यासारखी दोन झडपं असतात. १९५९ मध्ये जपानमध्ये कावागुती आणि बाबा या आडनावांच्या दोन संशोधकांनी असा जिवंत प्राणी दाखवला, तोवर त्या झडपा द्विपुट शिंपल्यांच्याच समजल्या जात होत्या. मला स्वतःला या विषयातली ही गोष्ट सर्वांत आवडते. (परीक्षेत मात्र तिने पुस्तकात आहे तेच लिहावं आणि खाली एका ओळीत नवी मांडणी नोंदवावी.)

काम संपत आलंय असंही समजू नका. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात २००० साली, २,६१४ मीटरवर, माँटेरी बे अॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्राला पोहणारा, चमकणारा, मोठी टोपी असलेला एक प्राणी दिसला. पुढे तो दीडशेहून जास्त वेळा दिसला, तरी तो नेमका कोण हे ठरेना. अखेर शरीररचना आणि जनुकं दोन्ही तपासून ब्रूस रॉबिसन आणि स्टीव्हन हॅडॉक यांनी २०२४ मध्ये तो नुडिब्रँक असल्याचं सांगितलं, बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस असं नाव दिलं आणि त्याच्यासाठी नवं कुळ करावं लागलं.

आपल्याकडचा खजिना वेगळा आहे. वॉल्टर एलियट नावाच्या मद्रासमधल्या स्कॉटिश अधिकाऱ्याने वॉल्टेअरला, म्हणजे आजच्या विशाखापट्टणममध्ये, गोळा केलेल्या गोगलगायींचं वर्णन ऑल्डर आणि हॅनकॉक या प्राणीशास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये इंग्लंडमध्ये बसून छापलं. अशा जुन्या नावांमागचा प्राणी नेमका कोणता, हे ठरवायला त्याच किनाऱ्यावरचा ताजा नमुना आणि त्याचा डीएनए लागतो. हे काम भारतात राहणाऱ्यालाच सोयीचं आहे. म्हणून परदेशाचं उत्तर असं: पदवीसाठी जावंच लागतं असं नाही. जुने प्रमाण-नमुने (ज्यांच्यावरून प्रजातींना नावं दिली ते मूळ नमुने) युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यासाठी पीएच.डी.च्या काळात एखादी फेरी झाली तर उत्तम.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते नीट सांगते, कारण निर्णय याच्यावरच घ्यायचाय. नमुना मिळाला की आधी जिवंतपणीचे फोटो, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. मग त्याला मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सुस्तावू द्यायचं, नाहीतर तो आकसून गोळा होतो आणि पुढे काही दिसत नाही. पायाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मलिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो. मग तोंडाच्या आतला स्नायूंचा गोळा काढून सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचा. मांस विरघळून जातं आणि उरते रॅड्युला, बारीक दातांच्या ओळींची एक पट्टी, नुडिब्रँकमध्ये बहुतेकदा काही मिलिमीटरची. ती सुईने उलगडायची, फाटू द्यायची नाही, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दात मोजायचे: मधला दात आहे का, बाजूला किती, प्रत्येकावर किती टोकं. हे प्राणी उभयलिंगी असतात. त्यांच्या जननसंस्थेची गुंतागुंत चित्र काढून नोंदवावी लागते. त्यानंतर जनुकं. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा, जोडीला १६एस आणि एच३ ही आणखी दोन जनुकं. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) पहिल्या फटक्यात येईलच असं नाही, त्यावर आठवडे जाऊ शकतात. मग डीएनएतल्या अक्षरांचे सगळे क्रम एकाखाली एक लावायचे, कोण कोणाच्या जवळचं हे दाखवणारा उत्क्रांतीवृक्ष काढायचा आणि प्रत्येक फांदीला आकड्यांचा आधार किती, ते बघायचं. आधार कमकुवत असेल, तर ती फांदी कितीही मनासारखी आली तरी तिच्यावर निष्कर्ष बांधायचा नाही.

हे जमतं का, आवडतं का, हे बघायला तिला पैसे खर्चावे लागणार नाहीत. जीनबँक या इंटरनेटवरच्या डीएनए-संग्रहात असंख्य क्रम फुकट आहेत. क्रोमोडोरिडिडी कुळातल्या वीस-पंचवीस प्रजातींचे सीओआय क्रम उतरवून घ्यावेत, मेगा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जुळवून वृक्ष काढावा. त्यात डोरिप्रिझ्मॅटिका अॅट्रोमार्जिनाटा जरूर घ्यावी, काळ्या किनारीची, आपल्याकडेही सापडते. फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञ कुव्हिएने १८०४ मध्ये तिला डोरिस या जीनसमध्ये टाकलं होतं. पुढे ती बराच काळ ग्लॉसोडोरिसमध्ये होती आणि २०१२ मध्ये डीएनएच्या आधारे सध्याच्या जागी आली. आपल्या झाडात ती कुठे बसते आणि का, यावर तिने दोन पानं लिहावीत. दुसरं, सरांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बागेतल्या गोगलगायीची रॅड्युला काढून बघावी. साध्या मायक्रोस्कोपखालीही ती दिसते. या दोन कामांत वेळेचं भान हरपलं, तर माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला. कंटाळा आला, तरी काही बिघडलं नाही. छंद कातळावर राहील आणि करिअर दुसरं निवडता येईल.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि अण्णामलै विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. पण पदवीवर 'मरीन' लिहिलेलं असण्यापेक्षा, तिथे वर्गीकरण आणि जनुकीय विश्लेषण स्वतः करणारे मार्गदर्शक आहेत का हे जास्त महत्त्वाचं. पुण्या-मुंबईत प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करून प्रबंध या विषयावर केला तरी चालेल. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं आकुर्डीचं केंद्र इथे प्रबंधाबद्दल, इंटर्नशिपबद्दल चौकशी जरूर करावी.

पैशांचं. फक्त समुद्री गोगलगायींचं वर्गीकरण करण्यासाठी निघणाऱ्या नोकऱ्या आपल्या देशात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, हे मी लपवणार नाही. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे पीएच.डी. घरच्यांवर बोजा न टाकता होते. पुढे प्राणी सर्वेक्षण, संशोधन संस्थांचे प्रकल्प, वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापकी. बंदरं आणि किनारी प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी समुद्रतळाचे जीव ओळखणारी माणसं लागतात. आणि ज्याला पीसीआर, सिक्वेन्सिंग आणि वृक्ष काढण्याची सॉफ्टवेअर येतात, त्याला मत्स्यसंशोधनात किंवा जैवमाहितीशास्त्राच्या प्रयोगशाळेतही काम मिळू शकतं. म्हणून तिला माझा आग्रहाचा सल्ला: प्राणी कुठलाही असो, ही तंत्रं पक्की कर आणि आकडेशास्त्राला घाबरू नकोस. बाबांची काळजी रास्त आहे, पण बी.एड. कुठे पळून जात नाही. एम.एस्सी.नंतरही करता येतं आणि नेट किंवा सेट झाली तर वरिष्ठ महाविद्यालयाचं दार त्याशिवायही उघडतं.

पोहणं यायलाच हवं असं नाही, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच आयुष्यभराचं काम आहे. तरी शिकून घेऊ द्या. एमटीडीसीची स्कूबा संस्था तारकर्लीला, तुमच्यापासून जवळच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत आत जातं तेव्हा ती जात असणार. एकटीने जायचं नाही आणि भरती फिरायच्या आत परतायचं, हा नियम घरातून घालून द्या. प्राणी बाटलीत भरून मात्र आणू देऊ नका. कातळावरची प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, मालवणच्या सागरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही. पुढे तिने नवी प्रजाती जाहीर केली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना प्राणी सर्वेक्षणासारख्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. तोवर फोटो, तारीख, जागा आणि गोगलगाय कशावर बसली होती, स्पंज, शैवाल की हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री प्राणी), एवढं वहीत लिहिलं तरी खूप झालं.

ती दोन पानं लिहून झाली की त्यांच्यासोबत झाड आणि वहीतल्या निवडक नोंदी जोडून, एम.एस्सी.चे अर्ज भरायच्या आधीच, या विषयातल्या दोन-तीन मार्गदर्शकांना तिने ईमेल करावी. 'मला समुद्राची आवड आहे' अशा पत्रांचा त्यांच्याकडे ढीग असतो. स्वतः काढलेला वृक्ष आणि त्यातली न पटलेली फांदी दाखवून प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्या लक्षात राहते.