खाडीचं पाणी वर्षानुवर्षं मोजत बसायची खरंच गरज असते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. महिन्यातून एकदा खाडीच्या पाण्याची बाटली भरून तपासली तर भागणार नाही का? आणि दोन-तीन वर्षांत अंदाज येत असेल तर वीस-वीस वर्षं मोजायचं कशाला? पाण्यात सोडलेली मोजणीयंत्रं वर काढणं, घासणं आणि परत सोडणं हे काम मी बरीच वर्षं केलंय. त्यामुळे हे उत्तर चिखलात उभ्या असलेल्या माणसाचं समजा.

आधी बाटलीचं बघू. खाडीत ‘आजचं पाणी’ असं काही नसतंच. भरतीला ते समुद्राचं असतं, ओहोटीला नदीचं. एकाच खांबापाशी सहा-सात तासांत क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, हजार भागांत ३० वरून ५ वर आलेली मी पाहिली आहे. या दोन्हींतला कुठला आकडा ‘त्या महिन्याचा’ म्हणायचा? बरं, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात, तिथे तुम्ही बरोबर पंधरा दिवसांनी त्याच वेळेला गेलात तर जवळपास तीच अवस्था पुन्हा हाती लागते. तुम्हाला वाटतं पाणी स्थिर आहे, आणि प्रत्यक्षात तुम्ही एकच फोटो परत परत काढत असता.

ऑक्सिजनची गंमत तर याहून मोठी. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती तो पाण्यात सोडतात, रात्री मात्र सगळेच तो ओढत राहतात, म्हणून तळ गाठला जातो तो पहाटे. नमुना घेणारा माणूस उजाडल्यावर, सगळं आवरून येतो. त्याला लिटरला ७ मिलिग्रॅम मिळतात आणि तो खूश होऊन जातो. त्याच जागी पहाटे तेच प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेलं असतं, आणि एवढ्या कमी ऑक्सिजनवर बहुतेक मासे टिकत नाहीत.

म्हणून यंत्र लागतं. इंग्रजी नावाचा उच्चार ‘सोंड’, आणि दिसायलाही ते थोडं तसंच असतं: हातभर लांब नळकांडं, टोकाला संवेदक (सेन्सर). अमेरिकेतल्या ‘नॅशनल एस्च्युअरिन रिसर्च रिझर्व्ह’ या संशोधनासाठी राखलेल्या खाड्यांच्या जाळ्यात १९९५ पासून अशी मोजणी चालू आहे. तापमान, क्षारता, ऑक्सिजन, सामू (पीएच), गढूळपणा आणि खोली यांची आता दर १५ मिनिटांनी एक नोंद होते, म्हणजे वर्षाला प्रत्येकाचे ३५,०४० आकडे.

आकडे भरपूर असले म्हणजे खरे असतातच असं नाही. एकदा दोन दिवस गढूळपणाचा आलेख आभाळाला भिडला होता. शेजारच्या हवामान केंद्रात बघितलं तर पावसाचा थेंब नाही, वारा पडलेला. यंत्र वर काढलं, तर संवेदकांभोवतीच्या जाळीत एक लहानसा खेकडा प्रकाशाच्या झरोक्यासमोर मजेत बसला होता. ते आकडे आम्ही पुसले नाहीत. पुसायचे नसतातच, त्यांच्यापुढे ‘बाद’ अशी खूण करून कारण लिहायचं.

पाण्याच्या यंत्राशेजारी हवामान केंद्र कशाला लागतं, याचं अर्धं उत्तर इथे आलंच. उरलेलं अर्धं हवेच्या दाबात आहे. खोली मोजणारा साधा संवेदक पाण्याबरोबर वरच्या हवेचाही भार मोजतो. दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की तो पाणी सुमारे एक सेंटिमीटर कमी दाखवतो. वादळात दाब ३० ने उतरला तर तुमचं यंत्र फूटभर कमी पाणी सांगेल, आणि किनाऱ्यावर पाणी प्रत्यक्षात चढलेलं असेल! वारा आणि पाऊसही तितकेच महत्त्वाचे. मोठ्या पावसानंतर गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली अडकतं, आणि वारा पडलेला असेल तर दोन्ही मिसळतच नाहीत. मग तळाचा ऑक्सिजन संपत जातो.

आता वीस वर्षांचं. याला सॅन फ्रान्सिस्को उपसागराइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथे अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी मोजतंय. १९९९ पासून तिथे सूक्ष्म वनस्पती वाढायला लागल्या, पूर्वी कधी नसायच्या त्या ऋतूतही. कोणीही म्हणेल, सांडपाणी वाढलं असणार. पण नोंदी सांगत होत्या की सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं उलट कमी झाली होती. दोष निघाला भलतीकडेच. बाहेरच्या समुद्रातला प्रवाह बदलला, उपसागरात खेकडे, कोळंबी आणि चपटे मासे विक्रमी संख्येने दिसू लागले, त्यांनी शिंपले फस्त केले, आणि पाणी गाळून त्या सूक्ष्म वनस्पती खाणारे शिंपलेच उरले नाहीत म्हणून वनस्पती माजल्या. मोजणी १९९८ ला सुरू झाली असती तर या नव्या परिस्थितीलाच आपण ‘नेहमीची’ म्हणालो असतो. शिवाय चंद्राच्या कक्षेमुळे भरतीची उंची १८.६ वर्षांच्या फेरीने कमी-जास्त होते. दोन-तीन वर्षांत त्या फेरीचा एक तुकडाच दिसतो, आणि तो चढता निघाला तर समुद्र उगाच जास्त वेगाने वर येतोय असं वाटतं.

तरी बाटली टाकून देऊ नका. नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्यं मोजायला ती लागतेच. फक्त महिन्यातून एक दिवस भरतीची पूर्ण फेरी होईपर्यंत थांबा, दर दोन-अडीच तासांनी एक भरा. पैसे मोजके असतील तर चार जागांपेक्षा एकच धरा आणि ती बदलू नका. नवं यंत्र घेतलंत तर महिनाभर जुन्याच्या शेजारी लटकवा, नाहीतर पुढे दिसलेला बदल पाण्याचा की यंत्राचा हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि एक जाड वही ठेवा: कधी घासलं, कोणी घासलं, घासण्याआधी आणि नंतर यंत्र काय दाखवत होतं. आमच्या सगळ्यात जुन्या वहीची पानं चिखलाने चिकटली आहेत, पण आलेखात काही विचित्र दिसलं की अजूनही आधी तीच उघडली जाते.