हिलशेडवर रेषा तर ढीगभर दिसतात, त्यातलं खनिजाचं लक्ष्य कसं निवडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात भूशास्त्र शिकताय, एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीचा) मोफत डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा आकड्यांचा नकाशा, उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड (एका बाजूने प्रकाश टाकल्यासारखं चढउतारांचं चित्र) केला, बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत भरपूर सरळ रेषा सापडल्या, आणि आता प्रोजेक्टसाठी त्यातल्या कुठल्या रेषा खनिजाच्या दृष्टीने कामाच्या हे ठरत नाहीये.

मी जुळे सोलापुरात राहतो. काही वर्षं रायचूर-यादगीर भागात खनिज शोधाच्या कंत्राटी कामावर होतो, आता बहुतेक वेळ शेतकऱ्यांना बोअरच्या जागा दाखवण्यात जातो. त्यामुळे तुमच्यासारखे नकाशे दोन्ही कामांसाठी वापरले आहेत.

आधी नावडतं सांगून टाकतो. बार्शी ते अक्कलकोट या पट्ट्यातल्या एकाही रेषेवर सोनं-तांबं शोधायला जाऊ नका. आपण दख्खनच्या ट्रॅपवर बसलो आहोत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. धातूंच्या दृष्टीने महत्त्वाचा जुना खडक त्याच्या खाली गाडलेला आहे. किती खाली? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल संशोधनाचं बोअर घेतलं, त्यात पहिले सुमारे ३३८ मीटर नुसता बेसॉल्ट (थिजलेला लाव्हा) लागला, मग कुठे जुना खडक. आणि किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवरच आहे. एवढ्या जाड थराखाली ग्रॅनाइट कुठे तुटलाय हे जमिनीच्या चढउतारावरून सांगणं म्हणजे जवळजवळ भविष्य सांगणं.

मग तुमच्या त्या रेषा कशाच्या? बऱ्याचशा लाव्ह्याच्या थरांच्या कडा असणार. तुळजापूरचा घाट चढताना डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात, त्याच. हिलशेडवर त्या लांबलचक गडद रेषा होऊन उमटतात आणि नवीन माणसाला पहिली भुरळ त्यांचीच पडते. ओळखायचं कसं? समोच्च रेषांचा (एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) थर वर टाका. तुमची रेषा डोंगराच्या सोंडेला वळसा घालत, ओढ्यात आत शिरत, एकाच उंचीला धरून चालत असेल तर तो थराचा काठ आहे. भ्रंश म्हणजे खडक तुटून दोन बाजू सरकलेली भेग. उभा भ्रंश टेकडी येवो की ओढा, नाकासमोर जातो. कललेला भ्रंश या दोन्हींच्या मधला: दरी ओलांडताना तो एका बाजूला टोक काढतो, आणि साधारणपणे टोक जिकडे, तिकडेच तो कललेला असतो. ओढ्याच्याच दिशेला पण ओढ्यापेक्षा कमी उताराने कललेला असेल, एवढाच त्याला अपवाद. ही एक गोष्ट अंगवळणी पडली तरी निम्मा कचरा घरबसल्या निघून जातो.

उरलेल्या सरळ रेषांपैकी काही उभ्या भेगा असतील. त्या पाण्यासाठी खरंच कामाच्या आहेत. दोन भेगा जिथे छेदतात, खाली ओढा आहे आणि मुरमाचा थर जाड आहे, तिथे बोअर घ्यायला मी सांगतो. पाणाड्याचा नारळही पुष्कळदा तिथेच उभा राहतो, आता त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते गावकऱ्यांनी ठरवावं.

खनिजासाठी सराव करायचा असेल तर ट्रॅप जिथे संपतो तिथे जा. आपल्याला ते सोयीचं आहे, दोन रेल्वेमार्ग तिकडेच जातात. गदगच्या गाडीने विजापूर मागे टाकलं की बागलकोटजवळ कलादगी खोऱ्यातले क्वार्टझाइटचे (वालुकाश्म घट्ट होऊन झालेल्या कठीण खडकाचे) कडे सुरू होतात. घड्या पडलेले हे खडक हिलशेडवर इतके स्वच्छ दिसतात की हात बसवायला याहून चांगली जागा आसपास नाही. दुसरा मार्ग कलबुर्गी-वाडी-यादगीर-रायचूर. वाडीच्या आसपास भीमा खोऱ्याचा चुनखडक आहे. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी त्यातलीच. त्याच्या दक्षिणेला जुना ग्रॅनाइट आणि हट्टीसारखे सोन्याचे पट्टे उघडे पडतात.

आता प्रकाशाबद्दल, कारण सगळी गफलत इथेच होते. संध्याकाळी नांगरलेल्या रानाकडे बघा. ऊन नांगराच्या तासांना आडवं पडलं की एकेक तास मोजता येतो, ऊन तासांच्या दिशेनेच आलं तर रान सपाट वाटतं. हिलशेडचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशाची दिशा आधीपासून ३१५ अंश, म्हणजे वायव्य, आणि उंची ४५ अंश ठेवलेली असते. बहुतेक जण ते आकडे बदलतच नाहीत. वायव्येच्या प्रकाशात ईशान्य-नैऋत्य जाणाऱ्या रेषा उठून दिसतात आणि वायव्य-आग्नेय जाणाऱ्या विरून जातात. आणि कर्नाटकातल्या धारवाड खडकांची (हट्टीसारखे सोन्याचे पट्टे याच खडकांचे) मूळ ठेवण कुठली? उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय. म्हणजे त्या प्रकाशाशी जेमतेम पंचवीस-तीस अंशांचा कोन. ज्या शिअर झोनसाठी (खडक घासून, ताणून चुरडलेल्या पट्ट्यांसाठी) आपण तिथे गेलो, नेमके तेच आधीपासून ठेवलेला आकडा पुसट करून टाकतो. मग कुणी गुलाबचित्र (रेषांच्या दिशांचा गोल आलेख) काढून लिहितं की या भागात ईशान्य-नैऋत्य दिशेचं वर्चस्व आहे. ते वर्चस्व दिव्याचं असतं.

म्हणून धारवाडच्या पट्ट्यात प्रकाश ७० अंशांवरून टाका. भीमा खोऱ्यातले साधारण पूर्व-पश्चिम जाणारे भ्रंश बघायचे तर सरळ उत्तरेकडून. काहीच माहिती नसेल तर ०, ४५, ९० आणि ३१५ अशा चार दिशांचे वेगवेगळे हिलशेड करा. दक्षिणेकडून प्रकाश टाकायच्या भानगडीत पडू नका, डोळ्याला डोंगर खड्डे वाटू लागतात. सगळ्या दिशा एकत्र केलेला हिलशेड अहवालात छान दिसतो, पण रेषा आखायला मी तो घेत नाही. कुठली रेषा कुठल्या प्रकाशामुळे दिसली हेच त्यात कळेनासं होतं. त्यापेक्षा उताराचा नकाशा शेजारी उघडा ठेवा, त्याला दिशेचा पक्षपात नसतो.

आपल्याकडचा मुलूख सपाट. त्यामुळे प्रकाशाची उंची ४५ वरून २५ अंशांपर्यंत खाली आणा आणि उंचीचा गुणक (उंची कितीपट करून दाखवायची तो आकडा) पाच-सहापट वाढवा. त्याआधी डीईएम यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा पद्धतीत) बदलून घ्या. सोलापूर, बागलकोट, यादगीर, सगळं ४३ उत्तर या एकाच पट्ट्यात बसतं. डीईएम अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्येच ठेवून हिलशेड काढला तर आडवं मोजमाप अंशात आणि उंची मीटरमध्ये, आणि चित्र भलतंच येतं.

गुणक वाढवला की मापातले खोटे चढउतारही वाढतात. एसआरटीएम ही फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून ११ दिवसांत केलेली रडारची मोजणी. ५.६ सेंटिमीटरची ती रडारलहर दाट पिकातून, झाडीतून पुरती जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे उसाच्या फडाची कड, झाडांची रांग, उजनीच्या कालव्याचा भराव, रेल्वेचा बांध, सगळं रेषा होऊन येतं. ही गाळणी उपग्रहाचं चित्र खाली टाकून करायची, त्याला दुसरा उपाय नाही. शिवाय तीच रेषा दुसऱ्या डीईएममध्येही दिसते का ते बघा. इस्रोच्या भुवनवर कार्टोडीईएम मिळतो, कोपर्निकसचा ३० मीटरचाही मोफत आहे. वेगळ्या उपग्रहाने वेगळ्या वर्षी घेतलेल्या मापातही रेषा टिकली तर ती जमिनीवर आहे एवढं तरी नक्की. आणि हो, पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे भ्रंश दाखवू नका. सपाट जागी नदी वळतेच.

आता तुमचा खरा प्रश्न. समजा पंचवीस विश्वासू रेषा उरल्या. त्यातलं लक्ष्य कुठलं?

धातू घेऊन येणारं गरम पाणी खडकात उघडी जागा शोधत असतं. लांब, सरळ, एकसारखा भ्रंश दिसायला देखणा, पण बरेचदा रिकामा असतो, कारण त्याच्या दोन्ही बाजू घासत सरकल्या आणि फट कुठे उरलीच नाही. फट उघडते ती जिथे भ्रंश वाकतो, पायरी घेतो, दुसऱ्याला छेदतो किंवा त्याला फाटे फुटतात तिथे. त्यातही वाक कुठल्या बाजूला आहे हे सरकण्याच्या दिशेशी ताडून बघावं लागतं. भ्रंशाच्या एका बाजूला उभं राहून पाहिलं असता समोरची बाजू उजवीकडे सरकली असेल, तर भ्रंशाने उजवीकडे घेतलेली पायरी उघडते आणि डावीकडची दाबली जाते. डाव्या सरकण्याला याच्या उलट. हिलशेडवर हे सरकणं कधीकधी वाचता येतं: एखादा क्वार्टझाइटचा कडा किंवा डाइक (जुन्या खडकाच्या भेगेत घुसून थिजलेली लाव्ह्याची भिंत) भ्रंशावर येऊन तुटतो आणि पुढे थोडा बाजूला सरकून परत सुरू होतो. माझ्या मते अख्ख्या नकाशात तुम्ही सगळ्यात जास्त वेळ अशा तुटलेल्या कड्यांवर घालवायला हवा. नुसत्या रेषा मोजून त्यांची घनता रंगवलेले नकाशे मला फारसे उपयोगी वाटलेले नाहीत. घनता सगळ्यात जास्त येते ती डोंगराळ भागात, आणि डोंगर आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं.

दुसरी अट खडकाची. उघडी जागा योग्य खडकात हवी. यादगीर जिल्ह्यातलं गोगी घ्या, आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत. भीमा खोऱ्याचा चुनखडक आणि जुना ग्रॅनाइट तिथे भ्रंशाने एकमेकांना भिडले आहेत, आणि भ्रंशाजवळ चुरा होऊन पुन्हा सांधलेल्या चुनखडकात आणि त्याच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आहे. परमाणू खनिज निदेशालयाने बोअर घेऊन ते सिद्ध केलं. भ्रंश कित्येक किलोमीटर लांब, युरेनियम मात्र त्याच्या थोड्याशा लांबीत. म्हणून तुमची प्रत्येक रेषा भूवैज्ञानिक नकाशावर ठेवा. जीएसआयचे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे) १:५०,००० चे नकाशे भुकोश पोर्टलवर मिळतात. फक्त रेषा आखून होईपर्यंत तो नकाशा उघडू नका. एकदा बघितला की डोळा त्यातलेच भ्रंश शोधत बसतो.

हट्टीबद्दल एक सावधगिरी. तिथलं सोनं शिअर झोनमधल्या क्वार्टझच्या शिरांत आहे, पण पट्टा बराचसा सपाट आणि काळ्या मातीखाली. हिलशेडवर हट्टीची खाण शोधून काढली असती असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ३० मीटरच्या चौकोनात काही मीटर रुंदीची शीर मावून जाते. तिथल्या आधुनिक शोधाला वाट दाखवली ती प्राचीन खाणकामाच्या खड्ड्यांनी. अशा झाकलेल्या मुलखात हिलशेडचंच तंत्र हवाई चुंबकीय मोजणीच्या ग्रिडवर वापरतात. उंचीच्या जागी चुंबकीय तीव्रता, बाकी दिवा तोच, त्याच्या दिशेचे धोकेही तेच.

शेवटी पायी जावं लागतंच. रेषेवर पोचल्यावर घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग, चुरडलेला खडक, क्वार्टझच्या शिरा, गंजलेला तांबूस लोखंडी खडक यांपैकी काहीही दिसलं तर जागा आणि दिशा लिहून घ्या. रेषा जिथे ओढ्याला छेदते त्याच्या खालच्या अंगाचा गाळ तपासण्यासाठी घेणं हा स्वस्तातला पुढचा टप्पा. पण त्यासाठी परवानगीचं काय ते विभागप्रमुखांना आधी विचारा, आणि खाणपट्ट्यांच्या कुंपणात शिरू नका, गोगीच्या बाजूला तर मुळीच नाही.

तुमच्या प्रोजेक्टपुरतं म्हणाल तर क्षेत्र बदलून बागलकोट घ्या. मार्गदर्शक सोलापूर जिल्ह्यावरच अडून बसले तर विषय बदलून भूजल करा, डीईएम आणि पद्धत तीच राहील. दोन्हीकडे रेषांच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा ठेवा: ही रेषा कुठल्या दिशेच्या प्रकाशात दिसली आणि कुठल्या दिशेत नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.